सोडायची रीत

बुद्धपौर्णिमेला तुर्भ्याच्या वस्तीतल्या विहारात सगळे पंचशील म्हणत होते. पोपट खरातनं चार शीलं मोठ्यानं म्हटली आणि पाचव्याला तो गप्प झाला. पाचवं शील दारूपासून लांब राहण्याचं. त्याच्या मांडीला मांडी लावून त्याची मुलगी अक्षता बसली होती. चौथीची परीक्षा दिलेली पोर. तिनं मान वर करून बापाच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं.

घरी परतताना तिनं विचारलं, "पप्पा, तुमी पाचवं काऊन नाय म्हनलं?"

पोपट चालता चालता थांबला. "तितं खोटं कसं बोलू, बाई?"

"मंग खरं करा ना," अक्षता म्हणाली.

मागून त्याची बायको वैजयंती आणि आई भिमाबाई येत होत्या. दोघींनीही ऐकलं. त्या घरात हा विषय काढून काढून झिजला होता.

खरातांचं मूळ गाव जालन्याकडचं. दुष्काळात भिमाबाई नवऱ्याबरोबर दोन मुलांना घेऊन इकडे आली आणि तुर्भ्याच्या खाणीत दगड फोडायला लागली. नवरा खाणीतच गेला. तिनं दोन्ही मुलं वाढवली. थोरला पोपट रंगाच्या कारखान्यात कायम झाला. धाकटा मारोती मार्केटात पोती उचलायचा. डोंगराच्या अंगाला विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, एवढं घर झालं, तेव्हा भिमाबाईला वाटलं होतं की आता आपले दिवस फिरले.

पोपटची दारू सुरू झाली ती कारखान्यातल्या वासावरून. दिवसभर रंगाच्या मिक्सरपाशी उभं राहून तो वास नाकातून जात नाही, घोटभर घेतली की जातो, असं तो म्हणायचा. सुरुवातीला शनिवारची होती, मग रोज संध्याकाळची झाली. पुढे पुढे तर सकाळी देशीचा पहिला घोट पोटात गेल्याशिवाय त्याचे हात थांबायचे नाहीत. चहा पिताना बशी अक्षता धरायची. तिला तो खेळ वाटायचा तेव्हापासून धरत होती, आणि खेळ नाही हे कळल्यावरही धरत राहिली. त्याची भूक मेली होती. रोज उठला की मोरीत जाऊन कोरड्या ओकाऱ्या काढायचा. तळपायांना सतत मुंग्या यायच्या, म्हणून वैजयंती रात्री त्याचे पाय चोळून द्यायची. मिक्सरचा व्हॉल्व्ह त्याच्या हातून एकदा नीट बंद झाला नाही, तेव्हा साहेबानं त्याला तिथून काढून रिकामे पिंप धुवायला लावलं.

तरी तो वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी बायकोवर हात उचलला नाही. पिऊन आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा, कारण तोंडाचा वास पोरीला येऊ नये.

पौर्णिमेनंतर त्यानं कारखान्यात रजा टाकली. संध्याकाळी आईपुढे येऊन बसला.

"माय, मी सोडतो."

भिमाबाई निवडत असलेल्या डाळीकडे बघत राहिली. असं तो आधीही म्हणाला होता.

"आवंदा तसं नाय. तू मला आतल्या खोलीत घाल आन् भायेरून कडी लाव. मी मागीन, शिव्या घालीन, रडीनसुदिक. तू उघडू नको. जेवायला दे, पानी दे, पन भायेर जाऊ देऊ नको. तुला माझी आन हाय."

भिमाबाईनं सूप खाली ठेवलं आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. खाणकामानं तिची बोटं वाकडी झाली होती, सरळ होत नव्हती. तिनं त्या दिवशी त्याच्यासाठी हुलग्याची शेंगोळी केली. वैजयंतीला आठवतं, सासू त्या दिवशी गुणगुणत होती.

पहिला दिवस बरा गेला. पोपट घामेजला होता, हात थरथरत होते, पण त्यानं थोडी शेंगोळी खाल्ली आणि दाराआडून अक्षताशी गप्पा मारल्या. मारोती कामावरून आला तेव्हा त्याच्याही तोंडाला वास होता. भावाचं बघून तो ओशाळला आणि बाहेरच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मात्र पोपटचा सदरा पिळून काढावा असा भिजला. पोटात पाणीसुद्धा ठरेना. उजेड डोळ्यांना सोसेना म्हणून त्यानं खिडकीला गोधडी लावून घेतली. डोळ्याला डोळा लागला नव्हता. मे महिना, वर पत्रा, आणि त्याचं अंग त्याहून तापलेलं.

वैजयंती भांडं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आत्याबाई, त्यांचं अंग भट्टीवानी झालंय. दवाखान्यात नेऊ."

शेजारची विमलबाई उंबऱ्याशी उभी होती. ती म्हणाली, "निघू दे घाम. इतक्या वर्सांचं इख हाय. ते असंच निघतं."

भिमाबाईनं दाराला तोंड लावून विचारलं, "पोपट, दवाखान्यात जायाचं का रं?"

आतून आवाज आला, "नको माय. रस्त्याला गुत्ता हाय. एकदा भायेर पडलो की गेलो मी."

त्याचंच म्हणणं असं पडल्यावर वैजयंती पुन्हा आत गेली. तिनं ओलं फडकं करून त्याच्या कपाळावर ठेवलं आणि बाहेर आली. भिमाबाईनं पुन्हा कडी लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैजयंती चहा घेऊन आत गेली. पोपट अंगावरून काहीतरी झटकत होता. भिंतीवरून मुंग्या येतायत, पांघरुणात शिरतायत, असं तो सांगत होता. भिंतीवर काही नव्हतं. तिनं त्याचे हात धरले तर त्यानं तिच्याकडे बघितलं आणि फार अदबीनं विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या?"

वैजयंती चहा तिथंच ठेवून बाहेर आली. "आत्याबाई, त्यांनी मला वळखलं नाय."

भिमाबाई दाराशी गेली. आत पोपट त्याच्या मेलेल्या बापाशी बोलत होता, बैल सोडा म्हणून सांगत होता. मग दारावर थाप पडली. "माय, दार उघड. बापू आलाय, बापूला आत घे." भिमाबाईचा हात कडीवर होता. वैजयंती शेजारीच उभी होती, तिनं तो हात पाहिला. मग भिमाबाईनं तो काढून घेतला. "ती दारू बोलाय लागलीया," ती म्हणाली. "त्यानं सांगितलं व्हतं मला. मी मागीन, रडीन, म्हनला व्हता."

दुपारी आत काहीतरी धाडकन पडलं. दार उघडलं तेव्हा पोपट जमिनीवर ताठ झाला होता, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस, सगळं अंग उडत होतं. मारोती आणि शेजारच्या दोघांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. वाटेत त्याला पुन्हा झटका आला. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी नळ्या लावल्या, सुया दिल्या, धावपळ केली. दिवस मावळायच्या आत पोपट गेला.

डॉक्टर तरुण होता. व्हरांड्यात येऊन त्यानं विचारलं, "रोज प्यायचे?"

"रोज," वैजयंती म्हणाली.

"शेवटची कधी घेतली होती?"

भिमाबाई मध्येच बोलली. तिला ते सांगायचंच होतं. "तीन दिस झाले, थेंब नाय घेतला त्यानं. त्यानं सोडली व्हती, सायेब."

डॉक्टरनं मान खाली घातली. "एकदम सोडायची नसते, आजी. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची तर नाहीच. शरीराला तिची इतकी सवय झालेली असते की अचानक तोडली तर मेंदू खवळतो. ताप येतो, भास होतात, झटके येतात. दवाखान्यात ठेवून, गोळ्या देऊन, बेतानं सोडवावी लागते."

भिमाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "म्हंजी सोडली म्हनून मेला माझा लेक?"

"दारूनंच गेले ते. फक्त सोडायची रीत…" डॉक्टर सांगत होता तेवढ्यात त्याला दुसऱ्या पेशंटसाठी हाक आली.

भिमाबाईनं तेवढंच ऐकलं. तिच्यामागे उभ्या असलेल्या मारोतीनंही तेवढंच ऐकलं.

वस्तीतही तेच पसरलं. पोपट दारू पिऊन नाही मेला, सोडून मेला. गुत्त्यावर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जायची. ज्यांच्या बायका भांडत होत्या त्यांना घरी सांगायला एक उत्तर मिळालं. पोपटच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जमलेले असताना मारोती झोकांड्या खात आला. कुणीतरी त्याला बाजूला न्यायला लागलं तर तो म्हणाला, "दादा सोडून गेला. मी सोडनार नाय. मला जगायचंय." आणि दोन्ही हातांत तोंड लपवून लहान पोरासारखा रडला.

अक्षता त्यानंतर विहारात जाईना. वैजयंतीला आधी वाटलं, बापाच्या आठवणीनं. मग एक दिवस शाळेतून येताना पोर म्हणाली, "मी त्यांना पाचवं म्हना म्हनलं नसतं तर ते पीत राहिले असते. जिते असते." वैजयंती रस्त्यातच खाली बसली. तिनं पोरीचे दोन्ही दंड धरले. "तुजं काय चुकलं नाय. तुज्यासाठी त्यांना चांगलं व्हायचं व्हतं," ती म्हणाली. पोरीनं मान हलवली, पण ते तिला पटलं नव्हतं.

कारखान्यानं वैजयंतीला कँटीनमध्ये घेतलं. पहाटे उठून घरचं करायचं, अक्षताचा डबा भरायचा, सातच्या पाळीला चहा करायला हजर व्हायचं. ती आणि भिमाबाई एका घरात राहत होत्या, एका ताटलीत भाकरी मोडत होत्या, पण त्या तीन दिवसांबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. आतली खोली मारोतीनं घेतली. त्याची बायको त्याच्या पिण्याला कंटाळून केव्हाच माहेरी निघून गेली होती.

सगळ्यात विचित्र काय, तर भिमाबाईनं मारोतीला दारूवरून बोलणं सोडून दिलं. उलट सकाळी तो उठला की ती त्याच्या हातांकडे बघायची. हात थरथरताना दिसले की तिच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि तो बाहेर जाऊन पिऊन आला की तिचा जीव भांड्यात पडायचा. वैजयंती हे बघायची आणि चुलीकडे वळायची.

अशी दोन वर्षं गेली.

मारोतीची घसरण पोपटपेक्षा वेगळी होती. आधी त्याच्या अंगातली ताकद गेली. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन पळणारा गडी रिकामी हातगाडी ढकलताना बसायला लागला. मग पायांवर सूज आली. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. दंड काडीसारखे झाले आणि पोट मात्र पुढे आलं. कुठं जरा आपटलं की काळानिळा डाग. एका सकाळी तो उन्हात तोंड धूत होता, आणि अक्षता म्हणाली, "मम्मी, काकाचे डोळे हळदीवानी दिसतायत."

त्या दिवशी वैजयंतीनं कँटीनला सुट्टी टाकली. मारोतीला म्हणाली, "भाऊजी, कपडे घाला. दवाखान्यात जायचंय."

"ते सोडायला लावत्याल, वयनी."

"आधी दाखवू तर."

"मंग मी मरन."

"तुमी तसेबी चाललाच हायत," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मारोती उठला. भिमाबाईही पदर सावरून त्यांच्या मागे निघाली.

वाशीच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात दारूच्या पेशंटांना बघणाऱ्या एक बाई डॉक्टर होत्या, डॉक्टर वर्तक. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी मारोतीचं पोट चाचपलं, पापणी ओढून डोळे पाहिले, हात पुढे करायला लावले. मग विचारलं, "रोज किती घेतोस?"

"एक क्वार्टर," मारोती म्हणाला.

"खरं सांग. इथं तुला रागवायला कुणी बसलेलं नाही. खोटं सांगितलंस तर माझ्या गोळ्यांचं माप चुकेल आणि त्रास तुला होईल."

मारोतीनं खरं सांगितलं. वैजयंतीलासुद्धा तेवढी माहीत नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हर सुजून, मरून, आता जागोजागी घट्ट झालंय. त्यामुळे पोटात पाणी साठतंय. दारू थांबली तर उरलेलं वाचेल, नाही थांबली तर फार दिवस नाहीत. "थांबवायलाच पाहिजे. पण एकदम नाही," त्या म्हणाल्या.

वैजयंतीनं मान वर केली. "माझे मालक एकदम सोडून गेले. घरीच. दोन वर्सं झाली."

डॉक्टर वर्तकांनी पेन खाली ठेवलं.

"मी कडी लावली व्हती," भिमाबाई भिंतीशी उभी राहून म्हणाली. दोन वर्षांत तिनं हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "बसा. आता नीट ऐका. याला वॉर्डात ठेवायचं. आज खाट रिकामी नाही, सोमवारी मिळेल. इथं मी गोळ्या देईन, त्या दारूच्या जागी मेंदूला शांत ठेवतात. मग त्या गोळ्याच रोज थोड्या थोड्या कमी करायच्या. ताकदीची इंजेक्शनं द्यायची, व्हिटॅमिन बी-वनची. पिणाऱ्याच्या अंगात ते औषधालासुद्धा उरत नाही, आणि नसलं तर डोकं कायमचं बिघडतं. सोमवारपर्यंत मात्र यानं घरी दारू बंद करायची नाही."

"बंद करायची नाय?" वैजयंतीनं विचारलं.

"नाही. रोजच्यापेक्षा जराशी कमी, दिवसभरात वाटून, पण बंद नाही. आणि त्याच्या हातात बाटली द्यायची नाही, घरातल्या कुणीतरी मोजून द्यायची. बरोबर जेवण, पाणी. मध्येच भास झाला, ताप चढला, झटका आला, काही बरळायला लागला, तर सोमवारची वाट बघत बसू नका. तसेच उचलून घेऊन या."

"कोन देनार?" वैजयंती स्वतःशीच म्हणाली. ती दिवसभर कामावर असायची.

"मी देते," भिमाबाई म्हणाली.

भिमाबाईनं आयुष्यात दारूच्या बाटलीला हात लावला नव्हता. खाणीत बरोबरीच्या बाया थकवा घालवायला घोट घ्यायच्या, तेव्हाही नाही. मारोतीनं आणलेली बाटली तिनं पदरात धरून पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मारोती भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात काखेत दाबून, थरथर दिसू नये म्हणून. भिमाबाईनं स्टीलचा पेला घेतला. झाकण तिच्या वाकड्या बोटांनी उघडेना. अक्षता पुढे व्हायला लागली तर ती म्हणाली, "तू शिवू नको. लांब व्हय." तिनं झाकण दातांनी सैल केलं. पेल्यात ओतली, डोळ्यांपुढे धरून पाहिली, त्यातली थोडी परत बाटलीत घातली. वास आल्यावर तिचं तोंड वाकडं झालं. मग ती मारोतीपुढे उकिडवी बसली आणि पेला त्याच्या तोंडाशी नेला.

मारोतीनं मान फिरवली. "माय, तू नको देऊ. माझा मी घेतो."

"घे."

"तुझ्या हातानं नको."

"घे म्हनते ना. बाईंनी सांगितलंय." तिचा हात स्थिर होता. "त्याला दिली असती तर…" तिनं पेला आणखी पुढे केला. "घे, बाबा."

मारोतीनं डोळे मिटून पेला रिकामा केला आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. वैजयंती कामाला निघायच्या तयारीत दारात उभी होती. पोपट गेला तेव्हा भिमाबाई रडली नव्हती. आताही रडत नव्हती. एका हातात रिकामा पेला धरून दुसऱ्या हातानं मुलाचे केस मागे सारत होती. वैजयंतीनं चपला घातल्या आणि वळून न बघता उतार उतरून गेली.

सोमवारपर्यंत भिमाबाईनं हे असंच केलं. त्याच्याबरोबर मऊ भात, वरण, ताक. मध्ये मध्ये त्याच्या कपाळाला हात लावून बघायची आणि विचारायची, "मी कोन हाय?" मारोती म्हणायचा, "माय." तिला तेवढं उत्तर पुरायचं.

वॉर्डात पहिल्या दिवसापासून सलाइन, इंजेक्शनं, गोळ्या सुरू झाल्या. नर्स येऊन नाडी बघून जायची, हात पुढे करायला लावायची. भिमाबाई खाटेशेजारच्या स्टुलावरून हलली नाही. मारोती कुशीवर वळला तरी ती दचकायची. दुसऱ्या दिवशी त्याला घाम आला, तेव्हा ती धावत जाऊन नर्सला घेऊन आली. नर्सनं तपासलं, डॉक्टरांना विचारून गोळी वाढवली आणि म्हणाली, "आजी, एवढं होणारच. आम्ही बघतोय." भिमाबाईला ते पटेना. तिसऱ्या दिवशी सकाळपासून ती खाटेकडे पाठ करून बसली. तिला तो दिवस बघायचाच नव्हता.

वैजयंती पाळी संपवून दुपारी आली. मारोती उशीला टेकून बसला होता आणि चहा पीत होता. हात थोडा थरथरत होता, पण बशी त्यानं स्वतः धरली होती. "वयनी, आज झोप लागली," तो म्हणाला. "स्वप्नबी नाय पडलं."

वैजयंतीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. अजून पिवळे होते, पण त्या डोळ्यांना ती ओळखीची होती. तिला आनंद व्हायला हवा होता. एवढंच होतं तर. एक खाट, काही गोळ्या, काही सुया, येऊन जाऊन नाडी बघणारी एक नर्स. हे सगळं इथंच होतं, तुर्भ्याहून रिक्षानं येण्याच्या अंतरावर, तेव्हासुद्धा असणार. पोपट असाच या उशीला टेकून बसला असता, असाच चहा पीत.

ती व्हरांड्यात गेली. पाठोपाठ भिमाबाई आली.

"मी दुसऱ्या दिशीच म्हनत व्हते," वैजयंती म्हणाली. तिनं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "दवाखान्यात नेऊ, दवाखान्यात नेऊ, म्हनत व्हते मी."

"म्हनत व्हतीस," भिमाबाई म्हणाली.

"त्यांनी मला वळखलं नाय. मी तुमाला येऊन सांगितलं."

"सांगितलंस."

भिमाबाईनं एकही सबब सांगितली नाही. त्यानं आण घातली होती, विमलबाई तसं म्हणाली होती, डॉक्टर कुणाला ठाऊक होते, यातलं काहीच नाही. ती नुसती उभी राहिली, पुढचा घाव घालायला सुनेला जागा करून दिल्यासारखी. वैजयंतीला आठवलं, त्या दिवशी कडीपाशी आपणही उभे होतो. आपल्यालाही हात होते.

व्हरांड्याच्या कठड्याला धरून ती रडली. दोन वर्षं कँटीनच्या वाफेत, चुलीच्या धुरात जे दाबून ठेवलं होतं ते सगळं आलं. भिमाबाई जवळ आली, पण सुनेला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. शेवटी वैजयंतीनंच पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमी सकाळपासून काय खाल्लं नसंल. चला, खाली वडापाव मिळतो."

मारोती दहा-बारा दिवसांनी घरी आला. निघताना डॉक्टर वर्तकांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "अंगातून दारू काढायचं काम झालं. मनातून काढायचं तुला रोज करावं लागेल. एकट्यानं जमत नाही, सोबत लागते." कोपरखैरण्यात एका शाळेच्या वर्गात दारू सोडलेल्या लोकांची बैठक भरायची, तिथं तो आठवड्यातून दोनदा जायला लागला. पहिल्यांदा मागच्या बाकावर नुसता बसून आला. कितीतरी दिवसांनी तिथं उभं राहून त्यानं भावाची गोष्ट सांगितली. गुत्त्यावर सांगत होते ती नाही, जशी घडली तशी. सांगून आल्यावर त्या दिवशी त्याला ताप भरला.

मधे एकदा तो घसरला. मार्केटातल्या जुन्या सोबत्याच्या लग्नात गेला आणि रात्री आला तो पिऊनच. सकाळी वैजयंती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यानंतर पुन्हा नाही.

लिव्हरचं जे गेलं ते मात्र परत आलं नाही. पोटात पाणी भरायचं, मग दवाखान्यात जाऊन काढून घ्यावं लागायचं. पोती उचलणं संपलं. एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसण्याची नोकरी मिळाली. चाळिशीच्या आत तो म्हाताऱ्यासारखा सावकाश चालायला लागला. त्याची बायको एकदा येऊन बघून गेली, राहिली नाही. तिच्या माहेरच्यांनी तिचं दुसरीकडे जमवलं होतं. मारोतीनं तिला बसपर्यंत पोचवलं.

वैजयंतीला सासूबद्दल काय वाटतं हे तिला स्वतःलाही कधी नीट सांगता आलं नाही. काही दिवस तिच्याकडे बघवत नसे. काही दिवस तिच्या वाकड्या बोटांना तेल लावून देताना तिचीच कीव येई. त्या दुपारनंतर एक झालं, पोपटचं नाव घरात निघायला लागलं. त्याला काय आवडायचं, तो लहानपणी खाणीत कसा हरवला होता, असं काहीबाही भिमाबाई अक्षताला सांगायची. अक्षता ऐकायची, कधी मध्येच उठून निघून जायची.

एका रविवारी मारोती जेवायला बसला होता. पोटात पाणी साठू नये म्हणून त्याच्यासाठी आमटी बिनमिठाची वेगळी करावी लागायची. वैजयंतीनं वाढली. त्यानं घास घेतला आणि नेहमीप्रमाणे तोंड वाकडं केलं.

"वयनी, चिमूटभर घाल की."

"नाय. बाईंनी सांगितलंय."

भिमाबाई पलीकडे बसली होती. तिनं आपल्या ताटातली आमटी बाजूला सारली आणि सुनेला म्हणाली, "मलाबी त्याच्यातलीच दे." वैजयंतीनं तिला वाढली. तिघांनी जेवण केलं. वरचा पत्रा उन्हानं तडतडत होता. जेवण झाल्यावर वैजयंती ताटं घेऊन मोरीकडे गेली.